घड्याळजीच्या लेथवरची लाख

म्हापशात किंवा मडगावात जुना घड्याळजी भेटला तर त्याच्या खणातले पितळेचे ठोकळे मागून पाहावेत. बोटाच्या पेराएवढे असतात, टोकाला तपकिरी लाख चिकटलेली असते. हे त्याने स्वतः कातलेले चक, म्हणजे कातायचा भाग लेथवर (कातण्याच्या यंत्रावर) पकडून ठेवणारे तुकडे. विकत मिळणाऱ्या चकांपेक्षा यांचे घराणे जुने आहे.

आधी घड्याळजीचा लेथ फिरवायला चाक नव्हते. काम, म्हणजे कातायचा भाग, दोन स्थिर टोकांमध्ये धरायचे, त्यावर छोटी कप्पी बसवायची आणि कमानीच्या दोरीने ते मागेपुढे फिरवायचे. आपल्या सुताराचा सामता चालतो तसेच. कमान एका दिशेला जाताना पटाशी लावायची, परतताना उचलायची. काम हळू, पण टोके स्थिर असल्याने डगमग नाही.

1850च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वॉल्थमच्या घड्याळ कारखान्यात चार्ल्स मोझली यांनी पोकळ स्पिंडल (लेथचा फिरणारा आस) आणि चिरा पाडलेले कॉलेट, म्हणजे काम पकडणारी नळी, आणले. मागून दांडा आवळला की कॉलेटच्या पाकळ्या मिटतात. त्याच परंपरेत 1880च्या दशकाअखेर वेबस्टर-व्हिटकॉम्ब लेथ आला आणि 8 मिलिमीटरचे कॉलेट जवळजवळ सगळीकडे चालू लागले. जर्मनीच्या बोली आणि लॉर्श यांनीही याच मापाचे लेथ बनवले.

अडचण अशी की एक कॉलेट एकाच मापाचे. 30 आकडा म्हणजे 3.0 मिलिमीटर. त्यात दशांश मिलिमीटरने लहानमोठे काम ढकलले तरी पाकळ्या वाकड्या होतात आणि कॉलेट कायमचे बिघडते. म्हणजे पूर्ण संच हवा, आणि तो महाग.

पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांत गोव्यात परदेशी घड्याळे सहज मिळत. 19 डिसेंबर 1961नंतर भारताचे आयात निर्बंध गोव्यालाही लागू झाले. त्याच वर्षी बंगळुरात सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे सुरू झाली खरी, पण आधीची स्विस घड्याळे लोकांच्या मनगटावर होतीच. ती चालू ठेवायची तर हात आणि डोके चालवणे आले.

इथे लाख कामी येते. पितळेचा तुकडा लेथमध्ये धरायचा, तोंड सपाट कातायचे आणि मधोमध सुबक खोलगट शंकू पाडायचा. स्पिरिटच्या दिव्यावर तापवून चपडी लाख लावायची, बॅलन्सच्या (घड्याळातल्या मागेपुढे डुलणाऱ्या चाकाच्या) दांड्याचे केसासारखे बारीक टोक शंकूत दाबायचे आणि स्पिंडल फिरवत बारीक काडीने दांडा सरळ करायचा. थंड झाले की काम पक्के. शंकू त्याच स्पिंडलवर कातलेला असल्याने त्याचा मध्य स्पिंडलच्या मध्याशी जुळतो. म्हणूनच झिजलेल्या कॉलेटपेक्षा ताज्या कातलेल्या पितळेवर माझा भरवसा जास्त. तुकडा काढून पुन्हा लावला तर मात्र शंकू पुन्हा कातावा लागतो. नवशिके नेमके हेच विसरतात.

ही चपडी युरोपात भारतातून जायची. गोव्यात तर लाख परकी नव्हतीच. सोनार नाजूक दागिना लाखेत रुतवून कोरतो, आणि कुंकळ्ळीचे चितारी कातलेल्या लाकडावर लाखेचे रंग चढवतात.

काम संपल्यावर दांडा गरम करून सोडवायचा आणि स्पिरिटमध्ये उकळायचा. उघड्या ज्योतीवर मात्र नाही, गरम पाण्यात बाटली ठेवून. लाख विरघळते, दांडा लखलखीत बाहेर येतो. पितळेचा तुकडा पुन्हा खणात.