डॉक्समध्ये असूनही का सापडत नाही?

लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे रोजचे भाव तक्त्यात साठवायला नाशिकची एखादी विद्यार्थिनी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिते. जुन्या उदाहरणात पाहून आजच्या भावाची ओळ ‘अपेंड’ने जोडते, तर पांडाज ही तक्ते हाताळणारी पायथॉनची लायब्ररी सांगते: डेटाफ्रेमकडे, म्हणजे तिच्या तक्त्याकडे, ‘अपेंड’ नाहीच. २०२३च्या २.० आवृत्तीत ते काढून टाकलं. आता ‘कॉन्कॅट’ वापरायचं. पण ती डॉक्समध्ये, म्हणजे लायब्ररी कशी वापरायची हे सांगणाऱ्या पानांत, शोधणार ‘ॲड रो’, आणि ‘कॉन्कॅट’ या नावात ना ‘ॲड’ आहे, ना ‘रो’.

नागपूरकराने नाशिकच्या मंडईत कोथिंबिरीसाठी आपल्याकडचा शब्द ‘सांबार’ वापरला, तर ती समोर असूनही हाती लागणार नाही, तसंच हे. जॉर्ज फर्नास या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं, की एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच शब्द वापरतील ही शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. म्हणून डॉक्सच्या पानावर शोधणाऱ्याचे शब्दही हवेत: ‘तक्त्यात नवी ओळ जोडणे’ असं उपशीर्षक, आणि एररचा मजकूर जसाच्या तसा. एरर दिसली की माणूस तीच कॉपी करून शोधात टाकतो.

दुसरी गडबड सूचीत होते. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्द आणि त्यापुढे पानं अशी सूची शोधयंत्र आधीच तयार ठेवतं. ‘रीड_सीएसव्ही’ हे सीएसव्ही फाइल वाचणाऱ्या फंक्शनचं नाव सूचीत एकच अखंड शब्द म्हणून गेलं, तर नुसतं ‘सीएसव्ही’ शोधणाऱ्याला ते पान मिळत नाही. तुकडेच ठेवले, तर पूर्ण नाव टाकणाऱ्याला नको ती पानं वर दिसतात. दोन्ही साठवावं, पूर्ण नावाला जास्त वजन द्यावं. इंग्रजीतले ‘इफ’, ‘फॉर’, ‘नॉट’, ‘विथ’ हे किरकोळ शब्द म्हणून अनेक सूच्या गाळतात. पायथॉनमध्ये मात्र तेच भाषेचे मूळ शब्द आहेत! डॉक्सच्या शोधात ती गाळणी बंदच ठेवावी.

जुन्या आवृत्तीची पानं पुसू नयेत, जुना कोड सांभाळणाऱ्यांना ती लागतात. मात्र प्रत्येकावर आवृत्ती ठळक लिहावी आणि नव्या पानाची लिंक द्यावी.

सगळ्यात उपयोगी, आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे रिकाम्या हाती परतलेल्या शोधांची नोंद. दर आठवड्याला ती वाचावी. पुन्हा पुन्हा येणारा शब्द योग्य पानाला समानार्थी म्हणून जोडावा. मग लोकांनी खरोखर टाकलेले २० शोध घेऊन प्रत्येकाचं बरोबर पान पहिल्या तिनांत येतं का, हे दर बदलानंतर तपासावं. एक शोध सुधारताना दुसरा बिघडू शकतो.