चायनीज बँक खातं नसेल तर शांघायमध्ये मेट्रोत पण बसता येत नाही म्हणे!

हे ऐकून ऐकून कंटाळा आला राव. चीनला कोणी निघालं की लगेच कोणीतरी सांगणारच, तिथे कॅश कोणी घेत नाही, सगळं मोबाईलवर, आणि त्यासाठी तिकडचं बँक खातं लागतं. थोडक्यात एजंटची टूर घ्या.

आधी त्रास खरंच होता, पण 2023 पासून अलीपे आणि वीचॅट या तिकडच्या पेमेंट ॲप्समध्ये परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतं. पासपोर्टने व्हेरिफाय करायचं, बस. 200 युआनपर्यंतच्या (युआन म्हणजे तिकडचं चलन) पेमेंटला फी नाही, त्याहून मोठ्या पेमेंटला 3 टक्के कापतात, म्हणजे हॉटेलचं बिल सोडलं तर रोजच्या खर्चाला फरक पडत नाही. आपली लोकं अडकतात ती भलतीकडेच, आपल्या कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार बंद असतात, ते निघायच्या आधी बँकेच्या ॲपमधून चालू करा. यूपीआयच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका.

मेट्रोचं म्हणाल तर अलीपेतच शहराचा ट्रान्सपोर्ट क्यूआर कोड काढायचा आणि गेटवर दाखवायचा, भाडं 3 युआनपासून सुरू. स्टेशनांची नावं इंग्रजीत पण असतात. टॅक्सीसाठी दीदी (तिकडचं ओला-उबर) त्याच ॲपमध्ये आहे.

आणि कॅश? नाकारणं तिथे नियमाविरुद्ध आहे, फक्त सुट्टे ठेवा, 100 ची नोट बघून छोटे दुकानदार वैतागतात.

गूगल मॅप्सवर मात्र विसंबू नका, तिथे ते ब्लॉक आहे आणि उघडलं तरी लोकेशन सरकलेलं दाखवतं. गाओदं (तिकडचं मॅप ॲप) किंवा ॲपल मॅप्स वापरा.