निकोला योकिच

निकोला योकिच (जन्म १९ फेब्रुवारी १९९५, सोम्बोर, सर्बिया) हा एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, डेन्व्हर नगेट्सकडून खेळणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा टीमचा उंच गडी. उंची ६ फूट ११ इंच, जर्सी १५ नंबरची, टोपणनाव जोकर. २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो एमव्हीपी झाला, म्हणजे अख्ख्या सीझनचा सगळ्यात भारी प्लेअर.

सोम्बोरमध्ये आईवडील, दोन मोठे भाऊ आणि आजी असं सगळं कुटुंब दोन खोल्यांत राहायचं. हा पोरगा चांगलाच गुबगुबीत होता, कोक तर लिटरच्या हिशोबात प्यायचा, आणि बास्केटबॉलपेक्षा जीव घोड्यांवर. हलक्या दोनचाकी गाडीला घोडा जोडून पळवतात ती शर्यत, आपल्याकडं घोडागाडीच्या शर्यती बघितलेल्या माणसाला हा नाद समजावून सांगायची गरज नाही. पुढं बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये कोच देयान मिलोयेविच यांच्या हाताखाली तो तयार झाला. मिलोयेविच जानेवारी २०२४ मध्ये अचानक गेले, तेव्हा ते एनबीएच्याच गोल्डन स्टेट टीमचे असिस्टंट कोच होते.

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम आळीपाळीनं नवे प्लेअर निवडतात तिथं, डेन्व्हरनं त्याला ४१ व्या नंबरवर घेतलं, म्हणजे दुसऱ्या राऊंडमध्ये. त्यावेळी अमेरिकेत टीव्हीवर टाको बेल या हॉटेल कंपनीची जाहिरात चालू होती, त्याचं नाव नुसतं पट्टीवर सरकून गेलं आणि तो स्वतः घरी झोपला होता, भावानं फोन करून उठवलं. एवढ्या खालच्या नंबरवरून येऊन एमव्हीपी झालेला दुसरा कुणी नाही.

कोल्हापुरात बास्केटबॉल बघणारे तसे कमीच, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची फुटबॉल मॅच लागली की पेठाच्या पेठा तिकडं. तरीपण योकिच आपल्या माणसाला लगेच पटतो असं माझं ठाम मत आहे, कारण खासबागेत कुस्ती बघत मोठं झालेलं गाव नुसत्या पिळदार अंगावर भाळत नाही, समोरच्याचा तोल कधी गेला आणि डाव कधी टाकला ते बघतं, आणि योकिचचा सगळा खेळ तिथंच आहे. पळण्यात तो स्लो, उडी बेताची, डंक, म्हणजे उडी मारून बॉल वरनं बास्केटमध्ये कोंबणं, तर कधीतरीच.

पण त्याचा पास बघा. बास्केटसमोरच्या फ्री थ्रो लाईनच्या कोपऱ्यावर तो बास्केटकडं पाठ करून बॉल घेतो, मागं डिफेंडर चिकटलेला असतो, बॉल एका हातात डोक्यावर धरून तो निवांत उभा, नजर भलतीकडंच, आणि तेवढ्यात त्याचा साथीदार आपल्या डिफेंडरच्या पाठीमागून बास्केटकडं सुटला की बॉल खांद्यावरून बरोब्बर त्याच्या हातात पडतो. डिफेन्सला कळतं तेव्हा स्कोअर झालेला असतो. डबल टीम करावी, म्हणजे दोघं त्याच्या अंगावर घालावेत, तर कोणतरी मोकळा राहतो आणि तो त्याला सापडतोच, एकट्यावर सोडावं तर सोम्बोर शफल आहे, म्हणजे उलट्या पायावर मागं झुकत उंच कमानीचा शॉट, जो ब्लॉक करायला मोठमोठ्यांचा हात पोचत नाही. सेंटरनं बास्केटखाली उभं राहून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे बॉल, घ्यायचे ही जुनी समजूत त्यानं पार बदलून टाकली, अख्खी टीम त्याच्या हातातनं चालते.

२०२० च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, युटा आणि क्लिपर्स या टीमांविरुद्धच्या दोन्ही सिरीज (चार मॅच आधी जिंकेल तो पुढं) डेन्व्हरनं १-३ नं मागं असताना फिरवल्या, एकाच प्लेऑफमध्ये दोनदा असं त्याआधी कुठल्याच टीमला जमलं नव्हतं. मग २०२३ मध्ये मायामी हीटला ४-१ नं हरवून टायटल. नगेट्स एनबीएमध्ये आले १९७६ ला, आणि हे त्यांचं पहिलंच. त्या प्लेऑफमध्ये ६०० पॉइंट, २६९ रिबाउंड, १९० असिस्ट (ज्यावर साथीदार स्कोअर करतो तो पास), तिन्हीत सगळ्या लीगमध्ये एक नंबर, जे आधी कुणीच केलं नव्हतं, आणि फायनल्सचा एमव्हीपीपण तोच. शेवटची मॅच आपल्याकडं १३ जूनला सकाळी होती, तालमीतनं पोरं घरी परतायच्या टायमाला. जिंकल्यावर हा म्हणतो काम झालं, आता घरी जाऊ, आणि विजयाच्या मिरवणुकीची तारीख ऐकून वैतागला कारण रविवारी सोम्बोरला घोड्यांची शर्यत होती!

लोकप्रियतेच्या बाबतीत हा माणूस वेगळाच आहे. सोशल मीडिया नाही, मोठं बोलणं नाही, खेळताना लग्नाची अंगठी बुटाच्या लेसला बांधलेली. बूट कंपनीपण त्यानं चीनची ३६१ डिग्रीज निवडली. लोक त्याच्याकडं वळले ते खेळ बघून, हळूहळू, सीझनमागून सीझन, आणि मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

सर्बियासाठी रिओ २०१६ ला सिल्व्हर आणि पॅरिस २०२४ ला ब्राँझ. पॅरिसच्या सेमीफायनलमध्ये अमेरिकेच्या सगळ्या दिग्गजांना सर्बियानं घाम फोडला, ९५-९१ अशी थोडक्यात मॅच गेली. २०२४-२५ च्या सीझनमध्ये त्याची सरासरी २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट, म्हणजे अख्ख्या सीझनची ट्रिपल डबल, तिन्हीत सरासरी दहाच्या वर. ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रूकनंतर हे करणारा तो तिसरा, आणि सेंटर म्हणून पहिलाच.