आशा स्वयंसेविका : कर्तव्यांची जाण (नाशिक जिल्हा)

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले. त्यातून साधारण १,००० लोकवस्तीमागे एक आशा, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, नेमली गेली. आदिवासी भागात ही अट शिथिल आहे. आशा त्याच गावची असते. तिच्याकडून तीन भूमिका अपेक्षित आहेत : लोकांना आरोग्यसेवेशी जोडणे, काही सेवा स्वतः देणे आणि आरोग्याच्या हक्कासाठी गावाला जागे करणे. पहिल्या दोन तिला नीट ठाऊक असतात. तिसरी मात्र मागे पडते, आणि त्याचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत करणे, लसीकरणाच्या दिवशी बाळांना अंगणवाडीत आणणे, दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरभेट देणे, ही कामे तिच्या अंगवळणी पडलेली असतात. या घरभेटींची पद्धत गडचिरोलीत राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घडवलेल्या नवजात बालसेवेतून आली. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, बाळ अंगावर पिणे बंद झाले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली तर ताबडतोब पुढे पाठवणे, हे तिला प्रत्यक्ष करून शिकवले जाते. हातांनी शिकलेले टिकते. उलट ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या निधीचा विनियोग ठरवताना आपल्यालाही बोलायचे आहे, हे अनेकींना कुणी उलगडून सांगितलेलेच नसते.

मोबदल्याचाही यात मोठा वाटा आहे. आशेला पगार नाही. ठरावीक मासिक रक्कम आणि कामागणिक मोबदला मिळतो. नवजात बाळाच्या सर्व भेटी पूर्ण झाल्या की २५० रुपये मिळतात. ज्या कामाचा रकाना मोबदल्याच्या अर्जात आहे आणि ज्याची विचारणा मासिक बैठकीत होते, तेच काम ‘आपले’ म्हणून मनात पक्के बसते.

सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर प्रश्न आणखी गुंततो. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जातात. बाळंतीणही सोबत जाते. मग २८व्या दिवसाची भेट पाड्यावरच्या आशेने घ्यायची की बागेजवळच्या गावातल्या आशेने? कागदावर दोघींनाही कर्तव्य माहीत असते, पण बाळ दोघींच्याही नोंदवहीतून निसटू शकते. येथे केवळ आशांची चाचणी घेऊन जाण मोजणे अपुरे ठरते. पाड्यावरच्या आशेने बागेचे गाव विचारून तिथल्या आशेला फोन केला, तर ती भेट होऊ शकते. हे सांगणे गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) आणि आरोग्य सेविकेचे काम आहे.

आपल्या मर्यादेची जाणही याच विषयात मोडते. प्रसूती करणे हे आशेचे काम नाही. तरीही रात्री रुग्णवाहिकेला उशीर झाला की घरचे लोक आधी तिचेच दार ठोठावतात.