रोझेनवाल्ड शाळा आणि लोकवर्गणीचा विसरला गेलेला वाटा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. करांतून जमणारा पैसा बहुतांशी गोऱ्यांच्या शाळांकडे वळवला जात असल्यामुळे खेड्यांतील कृष्णवर्णीय मुले चर्चमध्ये किंवा पडक्या खोपटांत शिकत. सीअर्स, रोबक या टपालाने माल विकणाऱ्या बलाढ्य कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी १९१२ मध्ये, वयाच्या पन्नाशीनिमित्त, अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेला २५,००० डॉलरची देणगी दिली. त्यातील काही रकमेतून खेड्यांत सहा लहान शाळा बांधण्याची परवानगी संस्थेचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांनी मागितली, आणि तेथून या योजनेचा आरंभ झाला.

गावाने स्वतः वर्गणी उभारल्याशिवाय आणि सरकारी शिक्षण मंडळाने आपला वाटा उचलल्याशिवाय रोझेनवाल्ड यांचे पैसे मिळत नसत. त्यामुळे कर भरूनही ज्यांना शाळा मिळाली नव्हती, त्याच लोकांना तिच्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले. माझ्या मते या योजनेच्या कौतुकात हा अन्याय झाकला जाता कामा नये. कोणी जमीन दिली, कोणी लाकूड, कोणी अंगमेहनत; काही ठिकाणी शेताचा एक तुकडा राखून त्यातल्या कापसाचे पैसे शाळेला दिले जात. अलाबामातील एका सभेत गुलामगिरीचे दिवस पाहिलेल्या एका वृद्धाने कळकट पिशवीतली आयुष्यभराची पुंजी टेबलावर ओतली. त्या चिल्लरीची बेरीज ३८ डॉलर भरली.

खेड्यांत वीज नव्हती. म्हणून पूर्वेचा किंवा पश्चिमेचा उजेड थेट वर्गात यावा अशा बेताने या शाळांच्या आराखड्यांत उंच खिडक्यांची सलग रांग ठेवलेली असे.

१९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. शिक्षकांची घरे आणि कार्यशाळा धरून या बांधकामांवर सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर खर्च झाले. त्यात रोझेनवाल्ड निधीचा वाटा सुमारे ४३ लाखांचा, तर कृष्णवर्णीयांच्या वर्गणीचा सुमारे ४७ लाखांचा होता. उरलेला बहुतेक पैसा सरकारी करांतून आला. नाव मात्र रोझेनवाल्ड यांचेच रूढ झाले.

पुढे नागरी हक्क चळवळीत अग्रभागी राहिलेले जॉन लुईस अशाच एका शाळेत शिकले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवल्यानंतर या शाळा हळूहळू बंद पडल्या, आणि बहुतेक इमारती आज शिल्लक नाहीत.