सहा मिनिटांत किती मीटर?

बायपास झालेल्या माणसाला भेटायला गेलं की घरचे एक आकडा हमखास सांगतात: 'ईएफ पंचावन्न आहे' किंवा 'चाळीसवर आलाय'. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला स्वतःत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो, ते हा टू-डी इकोतला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) आकडा सांगतो. तो महत्त्वाचा आहेच. पण तो काढतात पेशंट कुशीवर निवांत पडलेला असताना. घरी गेल्यावर जिना चढवेल का, बाजारातून पिशवी आणवेल का, हे त्यावरून कळत नाही. ईएफ कमी असून आरामात फिरणारे असतात आणि उत्तम असून दुसऱ्या मजल्यावर धापा टाकणारेही.

चालायला नुसतं हृदय पुरत नाही. फुप्फुसं, हिमोग्लोबिन, मांड्यांचे स्नायू, सगळ्यांचीच साथ लागते. त्यात बायपासनंतर छातीचं मधलं हाड तारेने बांधलेलं, बहुतेकांच्या पायातली शीर काढलेली, आणि दीर्घ श्वास घ्यायची धास्ती वेगळीच.

यावरची सर्वांत साधी परीक्षा म्हणजे सहा मिनिटांची चाल. ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन टोकांना शंकू, स्टॉपवॉच, बोटाला ऑक्सिमीटर. पळायचं नाही, झेपेल तितकं भरभर चालायचं. दम लागला तर भिंतीला टेकून थांबा, घड्याळ मात्र थांबत नाही. फिजिओथेरपिस्ट शेजारून चालत नाही, कारण मग पेशंट त्याचाच वेग धरतो. प्रोत्साहनही दर मिनिटाला ठरलेल्या शब्दांतच. नातेवाईकांच्या 'चला बाबा, चला!'ला इथे मज्जाव. छातीत दुखलं तर चाचणी तिथेच बंद.

हिचं मूळ लष्करी आहे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये १२ मिनिटं पळण्याची चाचणी मांडली. पुढे ब्रिटिश डॉक्टरांनी दम्या-खोकल्याच्या रुग्णांसाठी पळण्याचं चालणं केलं, आणि १९८२ मध्ये १२ ची ६ मिनिटं झाली.

चालून झाल्यावर 'किती दमलात?' विचारतात, तेही आकड्यात. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची मोजपट्टी ६ पासून २० पर्यंत जाते. आकड्याची दहापट म्हणजे अंदाजे नाडी. हृदयरोग्यांत मात्र हा हिशेब चुकतो. बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत, म्हणून नाडीपेक्षा पेशंटच्या तोंडचा आकडाच जास्त कामाचा ठरतो.

मग टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून घेतात ती ट्रेडमिल चाचणी, कशाला? तिचा मुख्य प्रश्न वेगळा आहे: श्रम वाढले की ईसीजी बदलतो का? नेहमीच्या ब्रूस पद्धतीत पट्टा सुरुवातीलाच १० टक्के चढाचा असतो आणि दर तीन मिनिटांनी चढ व वेग वाढतो. ताज्या ऑपरेशनच्या माणसाला हे जड जातं.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्यांदा चालताना पेशंट नुसत्या सरावानेही थोडं जास्त अंतर कापतो. म्हणून शक्य तिथे चाचणी दोनदा घेऊन मोठा आकडा धरतात. काही आठवड्यांच्या व्यायामानंतर त्यात ३० मीटरच्या आसपास भर पडली, तर ती खरी सुधारणा मानायला हरकत नाही.