दीर्घकालीन परजीवी संसर्गात टी-पेशी गप्प का होतात?

काला आजाराच्या रुग्णाची प्लीहा लीशमॅनिया परजीवींनी भरून वाढलेली असते. तरीही मारलेल्या परजीवींचे मिश्रण त्याच्या हाताच्या त्वचेत टोचले, तर ४८ ते ७२ तासांनंतरही ती जागा सपाटच राहते. औषधाने बरे होऊन काही महिने लोटले की त्याच चाचणीत बऱ्याच जणांच्या हातावर टणक गाठ उमटते. मोंटेनेग्रो यांनी १९२६ मध्ये ब्राझीलमध्ये ही चाचणी वापरात आणली. ही गाठ म्हणजे टी-पेशींच्या, म्हणजे रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, प्रतिसादाची खूण. परजीवीला ओळखू शकणाऱ्या टी-पेशी ऐन आजारात गप्प का, हा प्रश्न तिच्यामुळे डोळ्यांना दिसू लागला.

प्रतिकारशक्ती सरसकट खालावते, हे उत्तर सोपे होते. गांबियात हिवताप असलेल्या मुलांमध्ये धनुर्वाताच्या लशीनंतर प्रतिपिंडे कमी तयार होतात, हे १९६२ मध्ये दिसलेही होते. पण १९७०च्या दशकात हत्तीरोगाच्या कृमींची पिल्ले रक्तात वावरणाऱ्या लोकांच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्या इतर प्रतिजनांना, म्हणजे प्रतिकारशक्तीला ओळखता येणाऱ्या इतर परक्या घटकांना, प्रतिसाद देत होत्या. मौन होते ते त्या कृमीपुरतेच.

हे मौन कोण राखते, याचा उलगडा १९८९ मध्ये इंटरल्यूकिन-१० हा प्रतिकाराला आवर घालणारा संदेशवाहक रेणू सापडल्यावर आणि १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञ साकागुची यांनी नियामक टी-पेशी, म्हणजे इतर टी-पेशींना लगाम घालणाऱ्या पेशी, ओळखल्यावर होऊ लागला. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका प्रयोग २००२ चा आहे. लीशमॅनियाचा व्रण भरून आलेल्या उंदरांच्या त्वचेत नियामक पेशी थोडे परजीवी जिवंत राहू देत होत्या. त्या पेशींचा अडसर दूर केल्यावर परजीवी पूर्णपणे नष्ट झाले, पण पुन्हा संसर्ग झाल्यास मिळणारे संरक्षणही त्यांच्याबरोबर गेले.

टी-पेशींचा 'थकवा', म्हणजे दीर्घ संसर्गात त्यांची काम करण्याची क्षमता ओसरणे, ही कल्पना मात्र विषाणूंच्या अभ्यासातून आली. पेशीवरील पीडी-१ हा रेणू रोखला की थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात, हे २००६ मध्ये उंदरांत दिसले. २०११ मध्ये टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गात आणि २०१२ मध्ये हिवतापात, तेही उंदरांतच, याच मार्गाचा हात असल्याचे आढळले.

तरीही प्रत्येक गप्प पेशीला थकलेली म्हणणे मला घाईचे वाटते. बिहारमधील काला आजाराच्या रुग्णांच्या प्लीहेत इंटरल्यूकिन-१० मुख्यतः नियामक पेशींकडून नव्हे, तर इतर टी-पेशींकडून येत असल्याचे २००७ मध्ये दिसले. म्हणजे ज्यांनी लढायचे, त्यांच्यापैकीच काही पेशी लढाईला आवर घालत होत्या.